तुम्ही विचारलंत म्हणून: जकातीच्या यादीत काय वाचायचं?

'रोमन इतिहास एवढा आवडतो, मग लढाया आणि सम्राट सोडून तुम्ही जकातीचे लेख का वाचत बसता?' हे मला नेहमी विचारतात. उत्तर म्हणून मी पाल्मिराचा शिलालेख दाखवते.

पाल्मिरा हे रोमन साम्राज्यातलं, सीरियाच्या वाळवंटातलं व्यापारी शहर. इसवी सन १३७ च्या एप्रिलमध्ये तिथल्या नगरसभेनं जकातीचे दर ग्रीक आणि पाल्मिरी अशा दोन भाषांत दगडावर कोरायचं ठरवलं. कारणही तिथेच दिलंय: जुन्या कायद्यात बऱ्याच मालाचा उल्लेख नव्हता, वसुली वहिवाटीनं चाले आणि व्यापारी व जकातीचे मक्तेदार यांच्यात सारखे तंटे होत. म्हणूनच माझा या दगडावर भरवसा आहे. विजयाच्या कमानीवर राजा हवं ते कोरून घेतो. इथे एखादा दर चुकीचा पडला असता, तर उंटवाला त्याच दिवशी भांडायला आला असता.

आणि काय बारकावे! सुगंधी तेल अलाबास्टर या मऊ दगडाच्या कुप्यांतून आणलं तर उंटामागे २५ दिनारियस (रोमन चांदीची नाणी), बकऱ्याच्या कातड्याच्या बुधल्यांतून आणलं तर १३. म्हणजे गिऱ्हाईक कोण, हे भांड्यावरून ओळखायचं. झऱ्यांच्या पाण्याच्या वापराला वर्षाचे ८००. वाळवंटात ते पटतंच. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या खाण्याच्या वस्तूंना माफी.

एका कलमाशी मी दर वेळी थांबते. जी वेश्या एक दिनारियस किंवा जास्त घेते तिच्याकडून एक दिनारियस घ्यावा, जी आठ आस (दिनारियसहून लहान नाणं) घेते तिच्याकडून आठ, जी सहा घेते तिच्याकडून सहा. नगरसभेनं बसून हे ठरवलं. या बायकांची कमाई किती वेगवेगळी होती, हे आपल्याला कळतं ते केवळ कर वसूल करणाऱ्यांमुळे, आणि मला त्याचा राग येतो.

या यादीत रेशीम नाही की मिरी नाही. बहुतेक दर शहर आणि त्याच्या पंचक्रोशीतल्या व्यवहाराचे आहेत. दूरचा व्यापार पाहायचा तर त्याच शहरातला १५७ सालचा सन्मानलेख वाचावा. सिथियाहून, म्हणजे सिंधूच्या मुखाकडच्या प्रदेशातून, जहाजानं परतलेल्या व्यापाऱ्यांनी तो मार्कुस उल्पियुस यार्हाई या मदत करणाऱ्या पाल्मिरी गृहस्थासाठी कोरवला. जहाज कोणाचं होतं, तेही त्यांनी लिहून ठेवलंय: हद्दुदानचा मुलगा होनाइनोस याचं.