तुम्ही विचारलंत म्हणून: एका शब्दासाठी दोन रोजे

"जी किराअत नमाजात पढता येत नाही, ती शिकून काय मिळतं?" हे मला दोन तऱ्हेची माणसं विचारतात. (किराअत म्हणजे कुराण पढण्याचा परंपरेनं आलेला पाठ.) काहींना माझ्याकडून 'कुराणातही पाठभेद आहेत' एवढंच वदवून घ्यायचं असतं. दुसरी घरचीच, मी नको ते उकरतेय अशी त्यांना धास्ती वाटते. दोघांनाही मी आजवर तुटक उत्तरं दिली.

दहा मान्य किराअतींचा इथे प्रश्न नाही. मी शिकते त्या शाज किराअती, म्हणजे उस्मानी मुसहफाच्या (खलीफा उस्मानांनी ठरवलेल्या कुराणाच्या लिखित प्रतीच्या) अक्षरांत न बसणाऱ्या किंवा सनद, म्हणजे पाठ सांगणाऱ्यांची साखळी, कमी पडलेल्या.

माझे वडील कोकणातले, शाफई. आई साताऱ्याकडची, हनफी. हे दोन्ही सुन्नी धर्मकायद्याचे पंथ. नानीनं एकदा रागाच्या भरात शपथ घेतली होती की भावाच्या दारात पाऊल ठेवणार नाही. भाऊ गेला तेव्हा ती गेलीच. शपथ मोडली, कफ्फारा (प्रायश्चित्त) आला. दहा गरिबांना जेवू घालण्याची त्या वर्षी ऐपत नव्हती, म्हणून तीन रोजे. दोन झाले आणि दुसऱ्या रात्री तापानं फणफणली. तिसऱ्या दिवशी औषध घ्यावंच लागलं. ताप उतरल्यावर म्हणाली, "आता पहिल्यापासून."

मी तेव्हा वीस वर्षांची, अरबीची दोन वर्षं झालेली. मुसहफ उघडला, सूरह माइदाची ८९वी आयत काढली आणि तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. "तीन दिवस, बस. लागोपाठ कुठं लिहिलंय?" ती म्हणाली, "मौलवी हजरतनी सांगितलंय." मी विचारलं, "त्यांना कुणी सांगितलं?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिनं बोट हळूच सोडवून घेतलं, मुसहफ मिटून कपाळाला लावला आणि काही न बोलता आत गेली. दुसऱ्या दिवशी सहरीला एकटीच उठली. मी जागी होते, पण उठले नाही.

उत्तर मला सहा वर्षांनी सापडलं. पैगंबरांचे सहकारी इब्न मसऊद यांच्या किराअतीत त्याच जागी एक जास्तीचा शब्द आहे, 'मुतताबिआत', म्हणजे लागोपाठ. हनफी म्हणतात, आमच्या पंथाचे प्रणेते अबू हनीफा यांच्या काळापर्यंत इराकमधल्या कूफ्यात हा पाठ सर्वांच्या ओळखीचा होता, म्हणून हुकूम त्यावर उभा राहू शकतो. पढायचा मात्र नाही. तेव्हा नानी हयात नव्हती.

मग त्या दिवशी मी चूक होते का? मुसहफात तो शब्द नव्हता, आजही नाही. शाफईंमधला प्रबळ कौल सलग रोजे सक्तीचे मानत नाही. शाफई विद्वान गझालींचा युक्तिवाद तर मला अजून खोडता येत नाही: इब्न मसऊदांनी तो शब्द कुराण म्हणून सांगितला असेल आणि तो कुराण ठरत नसेल, तर त्याला हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनाचा, दर्जा तरी कसा द्यायचा? कदाचित तो त्यांनी अर्थ उलगडताना घातलेला शब्द असेल.

हा अभ्यास म्हणजे खोडसाळपणा असं म्हणणाऱ्यांनी इब्न मुजाहिदांकडे पाहावं. त्या मान्य दहांपैकी सात किराअती बगदादमध्ये ठरवणारे तेच. हिजरी ३२३ मध्ये कुराणपाठक इब्न शनबूझना शाज पाठ नमाजात पढल्याबद्दल वजीर इब्न मुक्लासमोर फटके बसले आणि तौबा (पश्चात्तापाची कबुली) लिहून द्यावी लागली, त्या प्रकरणामागेही तेच होते. आणि शाज किराअतींचं पुस्तकही त्यांनीच केलं. त्याच पुस्तकाच्या आधारानं व्याकरणकार इब्न जिन्नींनी पुढे एकेका शाज पाठाचं व्याकरण 'अल-मुहतसब'मध्ये सोडवून दाखवलं. मिहराबाबाहेर, म्हणजे नमाजाबाहेर, काढलेलं इब्न मुजाहिदांनी वहीत जपलं. फटक्यांचं समर्थन मला करता येत नाही, तरी असे पाठ कुणी लिहून जपलेच नसते तर नानीच्या 'पहिल्यापासून'ला आधार काय, हे मला कधीच कळलं नसतं.

पण वडिलांच्या घरच्या हिशेबानं ताप उतरल्यावर तिचा एकच रोजा उरला होता. तिनं आणखी तीन धरले, एकूण पाच झाले. त्यातले दोन जास्तीचे होते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.