पसरणीचा घाट, मामाची नॅनो आणि चार लिटर पेट्रोल

8 जुलै, रात्री

आज बुवासाहेबांच्या मंदिराच्या वर धुकं इतकं दाट उतरलं की पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसेना. स्कूटर कडेला घेतली. लेक मागे रेनकोटच्या टोपीत तोंड खुपसून बसली होती, माझी कंबर घट्ट धरून. दहा मिनिटं दोघी तशाच उभ्या राहिलो. वरून येणारी एक ट्रॅव्हल्स इतक्या जवळून गेली की चाकाखालचं पाणी तोंडावर उडालं. शाळेत पोचल्यावर तिचे मोजे पिळून खिडकीत टाकले. मी तिथे हिशेबाचं काम बघते, ती पाचवीत आहे. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर चढायचं आणि संध्याकाळी तेवढंच उतरायचं.

जेवताना यांना म्हटलं, आता गाडीचं बघायलाच हवं. हे म्हणाले, "बघू या. पण हप्ता किती बसेल ते आधी काढ."

10 जुलै

मामाचा फोन आला. आईने त्याच्या कानावर घातलेलं दिसतंय. त्याची 2012 ची नॅनो दारात उभीच असते, गुडघ्यांमुळे तो आता चालवत नाही. म्हणाला, "पासष्ट हजार दे, नाहीतर काहीच देऊ नकोस. घरातली गाडी घरात राहील."

नॅनो म्हटलं की मला बाबाच आठवतात. आम्ही चौघं एका स्कूटरवर जायचो. मी पुढे उभी, धाकटा भाऊ आई-बाबांच्या मध्ये चेपलेला. पावसात स्कूटरवरून जाणारं असंच एक कुटुंब बघून रतन टाटांना ही गाडी सुचली, ही गोष्ट बाबांनी पेपरात वाचली होती. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, तेव्हा तिचं चित्र कापून त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. टाटा आमच्याबद्दलच बोलतायत, असं बाबांना वाटायचं. 2009 ला बुकिंग उघडलं. दोन लाखांवर लोकांनी पैसे भरले आणि पहिल्या एक लाख गाड्यांसाठी सोडत निघाली. मामाचा नंबर लागला नाही, त्याने तीन वर्षांनी घेतली. बाबांची राहूनच गेली.

पुढे लोक तिला "सगळ्यात स्वस्त गाडी" म्हणूनच ओळखू लागले आणि स्वस्त गाडीत बसलेलं दिसायला कोणाला आवडेना. तशी जाहिरात व्हायला नको होती, हे टाटांनी नंतर स्वतः कबूल केलं. मला याचं अजून वाईट वाटतं. इतक्या कमी जागेत चार माणसं आरामात बसवणारी, पुण्यात आपल्या इंजिनिअरांनी घडवलेली गाडी होती ती.

13 जुलै, रविवार

मामाकडे जाऊन नॅनो चालवून आले. तीन मीटर दहा सेंटीमीटर लांबी. वाईच्या गंगापुरीतल्या ज्या वळणावर मोठ्या गाड्या दोनदा मागेपुढे करतात, तिथे ही एका दमात वळली. आत बसल्यावर डोक्यावर भरपूर जागा. इंजिन मागच्या सीटखाली, 624 सीसीचं, दोन सिलिंडरचं. लेक मागे बसली होती, तिला त्या घरघरीची मजा वाटत होती. उतरायलाच तयार नव्हती.

रात्री वही काढली. महिन्याला साधारण 700 किलोमीटर होतात. पेट्रोल लिटरला 104 धरलं. मामाच्या अनुभवाने नॅनो आमच्या भागात लिटरला 18 किलोमीटर देते, म्हणजे 39 लिटर, चार हजारांच्या थोडं वर. नवी अल्टो के10 कागदावर 24 च्या वर आहे, पण रोजच्या चढणीला मी 20 च धरले. 35 लिटर. फरक चार लिटरचा, चारशे रुपयांचा! आणि अल्टोसाठी चार लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता आठ हजार तीनशे. सीएनजीची वॅगनआर धरली तर इंधनाचे सोळाशेएक वाचतात, पण सहा लाखांच्या कर्जाला साडेबारा हजारांचा हप्ता बसतो. शिवाय डिकीत टाकी आणि गॅसच्या रांगेत अर्धा तास.

इतके दिवस आम्ही ज्याला त्याला "ॲव्हरेज किती देते?" एवढंच विचारत होतो. आमच्यासारख्या कमी फिरणाऱ्यांना त्या आकड्याने काहीच ठरत नाही. रोज शंभर किलोमीटर कापणाऱ्याचं गणित निराळं. स्कूटरला महिन्याला सोळाशेचं पेट्रोल लागतं. पेट्रोलची किंवा गॅसची कुठलीही चारचाकी आणली तरी इंधनावर यापेक्षा जास्तच खर्च होणार.

छोट्या इलेक्ट्रिक कॉमेटचंही बघितलं. नॅनोहून आखूड, 17.3 युनिटची बॅटरी, कागदावर 230 किलोमीटर. घाट उतरताना थोडी वीज परत भरली जाते, हे मला फार आवडलं. पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर, गाडी लागणार बोळाच्या तोंडाशी. तिथे वायर न्यायची कुठून?

(एक नोंद, शेजारच्या काकांसाठी. ते घाट न्यूट्रलमध्ये उतरतात, पेट्रोल वाचतं म्हणून. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला पेट्रोल जाणंच थांबतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्यांना हे नीट समजावून सांगायचं आहे.)

16 जुलै

पैशांच्या हिशेबात नॅनो जिंकली होती. मी मामाला होकार कळवणार होते.

काल रात्री यांनी जुन्या अपघात-चाचण्यांची माहिती काढली. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने ताशी 64 किलोमीटरने गाड्या आदळून बघितल्याचे निकाल दिले, तेव्हा नॅनोला पाचपैकी शून्य तारे मिळाले. त्या दिवशी शून्य मिळवणाऱ्या इतरही गाड्या होत्या, चांगल्या महाग. पण नॅनोत एअरबॅग कधी आलीच नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ते लांब उतारावर तापतात. टायर इतके अरुंद की ओल्या वळणावर मी जीव मुठीत धरूनच चालवीन. नव्या अल्टोलाही 2023 मध्ये दोनच तारे होते, वॅगनआरला एक. टियागोला 2020 मध्ये चार मिळाले होते.

मी वाचत गेले आणि डोळ्यांसमोर ती परवाची ट्रॅव्हल्स आली. मला गाडी हवी आहे ती लेकीला घाटात सांभाळून न्यायला. भिजणं तर रेनकोटनेही थांबतं. आज स्कूटरवर तिच्याभोवती काहीच नसतं, हेही खरं. स्कूटरपेक्षा नॅनो बरीच बरी, असं हे म्हणाले. मलाही ते पटतं. पण पत्रा आणि दार असलं की आपण धुक्यात थांबत नाही, जातच राहतो. स्कूटरवर मी थांबले होते.

मामाला फोन केला. घाटासाठी नको म्हटलं. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "तुझ्या बाबांनीही असंच खोदून खोदून विचारलं असतं." गाडी तो भावाला देणार आहे. भाऊ साताऱ्यात राहतो, त्याचं ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर. तिथे ती शोभेल. 2027 ला पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा नोंदणी पुन्हा करून घे, एवढं त्याला बजावलं.

21 जुलै

आजपासून पावसाळाभर एसटी. सातची गाडी. बायकांना अर्धं तिकीट 2023 च्या मार्चपासून आहे आणि इतकी वर्षं मी स्कूटरच रेटत राहिले. बुधवारी शाळा उशिरा सुटते, त्या दिवशी परतायचं कसं हे अजून जमवायचंय. दिवाळीनंतर चार तारेवाली जुनी गाडी बघायची, हप्ता पाच हजारांच्या आत बसला तरच.

घाटात पुन्हा धुकं होतं. चालकाने गाडी अगदी हळू, दिवे लावून, डोंगराच्या अंगाने चढवली. लेकीने खिडकीच्या काचेवर बोटाने घर काढलं. वाहकाने दोन तिकिटं फाडून दिली. माझं अर्धं, तिचंही अर्धं. ती म्हणाली, "आई, म्हणजे आपण दोघी मिळून एक."