मळलेली कड

शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात आमच्या वाचनालयाच्या काउंटरवर उभं राहायला जागा नसते. त्या गर्दीत काका आले. हातात आदल्याच दिवशी नेलेलं पुस्तक. मी म्हटलं, "एका रात्रीत संपवलंत?" गेली कित्येक वर्षं मी त्यांना हेच म्हणत आले आहे. ते हसले नाहीत. मागच्या दोघांना पुढे जाऊ दिलं, बाजूला थांबून राहिले आणि जरा मोकळं झाल्यावर म्हणाले, "ताई, नंबराच्या वहीतून माझं नाव काढा."

नवीन, मागणी असलेल्या पुस्तकांसाठी आमच्याकडे एक वही आहे. संगणक आला तरी ती बंद झाली नाही, कारण ज्येष्ठ सभासदांना आपलं नाव कितव्या नंबरावर आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. त्या वहीत जॅक रीचरच्या, म्हणजे ली चाइल्ड यांच्या इंग्रजी थरारकथांच्या मालिकेचं एक पान आहे. वर्षाला एक नवं पुस्तक येतं आणि त्या पानावर पहिलं नाव काकांचं असतं. मी या टेबलावर एकोणीस वर्षं आहे. मला तरी दुसरं नाव आधी लागल्याचं आठवत नाही.

काका रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. घाट चढून इगतपुरी, तिथून पुढे भुसावळ. त्यांचं वाचन रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत झालं. ड्यूटी संपली की पुढची गाडी मिळेपर्यंत आठ-दहा तास काढायचे, आणि तिथे कोणीतरी टाकून गेलेले अर्नाळकर नाहीतर गुरुनाथ नाईक असायचेच. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा पल्ला ओलांडला. त्यातल्या निम्म्या तरी आपण वाचल्या असतील, असं काका सांगतात. त्यामुळे त्या दिवशी मी पटकन बोलून गेले, "काका, मालिका म्हटली की तेच तेच येणार. अर्नाळकरांचे धनंजय-छोटू काय वेगळे होते?"

"साच्याला माझी ना नाही," ते म्हणाले. "साचा आवडतो म्हणून तर वाचतो. अर्नाळकरांचा झुंजार येणार, वेष बदलणार, निसटणार, हे ठाऊकच असायचं. हा रीचर बसमधून उतरणार, गावात काहीतरी चुकतंय हे त्याला कळणार, चार-पाच जणांना लोळवणार आणि शेवटी रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवून निघून जाणार, हेही ठाऊक आहे. तक्रार ती नाही." मग जरा थांबले. "मालगाडीला वेळापत्रक नसतं, ताई. कुठल्या सिग्नलला दोन तास उभी राहील ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. ही पुस्तकं तशी होती. आता लोकल झाली. स्टेशन येणार, दार उघडणार, मारामारी चढणार."

मी विचारलं, मग एका रात्रीत वाचून होतं कसं?

"वाचून कुठे होतं? साठ-सत्तर पानांपुढे जात नाही. परत देतो कारण मागे चार जणांचे नंबर असतात."

त्यावर मी काही बोलू शकले नाही. त्यांचं नाव खोडलं. रेघ मारताना पेन नीट चालेना, दोनदा मारावी लागली.

वाचनालय बंद करताना मी इंग्रजी विभागातून रीचरची सगळी पुस्तकं काढून टेबलावर आडवी मांडली. या कामाबद्दल बाहेरच्यांना सहसा कल्पना नसते, म्हणून सविस्तर सांगते. पुस्तक कितीदा बाहेर गेलं हे शिक्क्यांवरून कळतं. ते कुठपर्यंत वाचलं गेलं हे कडेवरून कळतं. कणा आपल्यापासून लांब ठेवून पुस्तक आडवं धरायचं आणि पानांची मोकळी कड उजेडात तिरपी करून बघायची. कागद जुना होऊन पिवळा पडतो, तो सगळीकडे सारखा. मळ वेगळा. तो बोटांनी चढतो. घाम, तेल, चहाबरोबर खाल्लेल्या खारीचा तुपकटपणा, लोकलच्या दांड्याचा काळेपणा, हे सगळं पान उलटताना उजव्या कडेला लागतं. चाळीस-पन्नास वाचक झाले की कडेवर एक करडा पट्टा तयार होतो. जिथपर्यंत वाचक गेले तिथपर्यंत पट्टा. त्यापुढे कागद आपल्या मूळ रंगात राहतो. कण्याचंही तसंच. पेपरबॅकला शिवण नसते, नुसता गोंद असतो. पुस्तक जिथे जिथे उघडून दाबलं जातं तिथे कण्याला उभ्या चुण्या पडतात आणि पुढे तिथूनच पानं सुटतात.

'किलिंग फ्लोर' १९९७ चं, मालिकेतलं पहिलं. आमच्या प्रतीची कड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखी काळपट. तिला दोनदा बांधणी झाली आहे. दुसऱ्या वेळी आमच्या बाइंडरने खळीत मोरचूद घालून, पाठीला कापड लावून ती अशी पक्की केली की आता ती बहुधा आम्हा सगळ्यांच्या नंतरही टिकेल. '६१ अवर्स' हे २०१० चं चौदावं पुस्तक. त्याच्या कडेवरही शेवटपर्यंत पट्टा. पुढची पुस्तकं उजेडात धरत गेले तसा पट्टा आखूड होत गेला. २०१९ च्या 'ब्लू मून'चा पट्टा पहिल्या एक-तृतीयांश भागातच संपतो. पुढची पानं दुकानातून आणल्यासारखी.

या पुस्तकांबद्दल तक्रार करणारे आमचे सभासद एकच कारण सांगतात. ली चाइल्ड यांनी २०२० साली ही मालिका आपल्या धाकट्या भावाकडे सोपवायचं ठरवलं, त्या वर्षीच्या 'द सेंटिनेल'वर दोघांची नावं आली, आणि तेव्हापासून रीचर बिघडला, जास्त बोलायला लागला. मीही हेच धरून चालले होते. मला कॉनन डॉयल यांनी सांगितलेली एक आठवण या संदर्भात नेहमी आठवायची. १८९३ साली त्यांनी आपल्या शेरलॉक होम्सला कड्यावरून खाली टाकला आणि दहा वर्षांनी जिवंत परत आणला. त्यावर कॉर्नवॉलच्या एका नावाड्याने त्यांना सांगितलं होतं, की होम्स त्या कड्यावरून पडून मेला नसेलही, पण त्यानंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही. वाचकाला असा एक कडा सापडला की बरं वाटतं. इथपर्यंत चांगलं होतं, इथून बिघडलं.

माझ्या टेबलावरच्या कडा तसं सांगत नव्हत्या. पट्टा २०२० च्या बराच आधी आखूड व्हायला लागला होता. आणि तोही सरळ उतरत गेलेला नव्हता. २०१७ चं 'द मिडनाइट लाइन' मध्येच पुन्हा शेवटपर्यंत मळलेलं निघालं. त्यात रीचरला गहाणवटीच्या दुकानात एका स्त्रीची वेस्ट पॉइंटची, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीची अंगठी दिसते आणि अशी अंगठी कोणी का विकेल, एवढ्याच प्रश्नामागे तो निघतो. मारामाऱ्या त्यातही आहेत, गावही आहे, माजलेला गुंडही आहे. साचा तोच. पण लोकांनी ते सोडलं नाही. काका साचा आणि तक्रार वेगवेगळी ठेवत होते, ते मला त्या पुस्तकाची कड बघताना कळलं. तिथे पुढे जायला रीचरकडे स्वतःचं कारण होतं.

मग मी संगणक पुन्हा चालू केला. आमच्या प्रणालीत पुस्तक नेल्याची आणि परत आल्याची, दोन्ही तारखा असतात. वार्षिक अहवालासाठी त्यातली एकच संख्या काढली जाते, एकूण देवघेव. कार्यकारी मंडळ तीच विचारतं, तपासणीला येणारे तीच बघतात. दुसऱ्याच दिवशी परत आलेलं पुस्तक आणि पंधरा दिवस उशाशी राहिलेलं पुस्तक, दोघांची देवघेव एक. रीचरच्या नव्या पुस्तकांची देवघेव दर वर्षी भरपूर दिसायची, म्हणून मी दर वर्षी दोन-दोन प्रती मागत राहिले. परतीच्या तारखा बघितल्या तर नंबराच्या वहीतले सगळे ओळीने एक-दोन दिवसांत पुस्तक परत करत होते. मी त्याला वेग समजत होते. नवीन पुस्तकं बांधणीला जात नाहीत याचाही मी मंडळासमोर चांगला अर्थ लावला होता. हल्लीची पेपरबॅक टिकाऊ निघतात, असं मी बैठकीत बोलले होते आणि ते इतिवृत्तात आहे.

सोमवारी मी आमच्या काउंटरवरच्या मुलीला हे सगळं दाखवलं. ती हुशार आहे, पुस्तकांची आवड असलेली आहे. ती म्हणाली, "मॅडम, परत देताना सगळे बोलतातच की. पूर्वीची मजा नाही म्हणतात." मग मला का सांगितलं नाहीस? "कुठे लिहायचं ते?" तिच्यावर मी रागावले, आणि अजून वाटतं की रागवायला नको होतं. पण खरेदीच्या बैठकीत "चालतंय ना, मग घ्या" एवढं म्हणून यादीवर सही करणाऱ्यांबद्दल माझं मत मी बदलणार नाही. त्या दुसऱ्या प्रतीच्या पैशात आम्ही दर वर्षी दोन तरी मराठी कादंबऱ्या घेऊ शकलो असतो, ज्यांच्यासाठी सभासद मला चिठ्ठ्या लिहून देतात आणि मी पुढच्या वर्षी बघू म्हणते.

काका पुढच्या शनिवारी आले. मी विचारण्याआधीच म्हणाले, पहिलं द्या. मी 'किलिंग फ्लोर' दिलं. ते पूर्ण पंधरा दिवस त्यांच्याकडे राहिलं आणि शेवटच्या दिवशी परत आलं. काउंटरवर ठेवताना म्हणाले, "सुरुवातीलाच बसमधून उतरतो आणि पावसात चौदा मैल चालतो. नुसता चालतो. कोणी मागे नाही, पुढे नाही. आता त्याला चौदा मैल कोण चालू देतं?" आणि दुसरं काही न घेता गेले. असं ते कधी जात नाहीत.

खरेदीची यादी या आठवड्यात द्यायची आहे आणि रीचरचं नवीन पुस्तक तिच्यात आहे. वहीत उरलेल्या चौघांना मी फोन केले. सरळ विचारलं, शेवटचं कुठपर्यंत वाचलंत. दोघे म्हणाले, नाव काढा. एकाने सांगितलं की त्यांना आवडतंय, अगदी शेवटपर्यंत वाचतात, आणि मला त्यांच्यावर शंका घ्यायचं काही कारण नाही. चौथ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, गेली तीन पुस्तकं मी अर्धी टाकलीत हो. बरं, मग नाव काढू का, असं मी विचारलं.

"नको, राहू द्या," त्या म्हणाल्या. "एखाद वेळी चांगलं निघालं तर?"

यादीत त्या पुस्तकापुढे प्रतींचा रकाना मी अजून भरलेला नाही.