ओमोनिया

दिवाळीच्या आधी चांदीची भांडी घासायचं काम घरात माझ्याकडे असे. रांगोळी, लिंबू, जुन्या धोतराची चिंधी. काळं दिसलं की घासायचं. हाच हात घेऊन मी युरोपातल्या एका संग्रहालयाच्या संवर्धन प्रयोगशाळेत उमेदवारीला आले.

एका सकाळी तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी पुढ्यात अंगठी ठेवली. बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती रोमन साम्राज्यातली, चांदीची, लग्नातली. सूक्ष्मदर्शकाखाली समोरासमोर दोन चेहरे, मध्ये क्रूस आणि खाली ग्रीक अक्षरं: ओमोनिया, म्हणजे नवराबायकोचं एकचित्त. रोमन काळात अशा चित्रांत जोडप्याच्या मध्ये एकोप्याची देवी कॉन्कॉर्दिया उभी असे. पुढे तिची जागा ख्रिस्ताने किंवा क्रूसाने घेतली. पण जुने देव काही लगेच घराबाहेर गेले नाहीत. ब्रिटिश म्युझियममधल्या चौथ्या शतकातल्या चांदीच्या पेटीवर ‘सेकुंदुस आणि प्रोयेक्ता, ख्रिस्तात जगा’ असा आशीर्वाद कोरलाय, आणि त्याच झाकणावर शिंपल्यात बसलेली व्हीनस नटतेय! त्यांच्या लग्नाच्या वऱ्हाडातल्या कुणाला त्यात वावगं वाटलं नसावं.

अंगठीच्या सगळ्या रेघा काळ्या होत्या. मी चांदीची काळपटी काढणाऱ्या थायोयुरियाच्या द्रावणात कापसाचा बोळा बुडवला आणि शेवटच्या अक्षरावर टेकवला.

बाईंनी माझं मनगटच धरलं.

ते काळं मळाचं नव्हतं, निएलो होतं. चांदी आणि गंधक एकत्र करून केलेला काळा मसाला कोरलेल्या रेघांत भरतात, म्हणजे चित्र उठून दिसतं. चांदीवर चढणारी काळपटीही चांदी-गंधकाचीच. द्रावणाला दोन्ही सारखीच. दोन्ही खाऊन टाकतं. फरक डोळ्यानेच ओळखायचा. काळपटी कडांवरून पसरते. निएलो रेघेत काठोकाठ बसलेला असतो, कडा रेखीव.

मग दिवसभर पाण्यात कालवलेली खडूची बारीक पूड, कापसाचा टिपका, आणि फक्त उंच भाग पुसायचा. रेघांना शिवायचं नाही. चारच्या सुमारास बायकोच्या कानाशी एक ठिपका चमकला. कुडी असावी. नवऱ्याची दाढी मात्र संध्याकाळपर्यंत निघाली नाही.

रात्री अहवाल लिहिला. ‘नुकसान’ या रकान्यात: शेवटचं अक्षर आल्फा, डावी तंगडी फिकट. कारण: संवर्धकाची चूक. खाली माझी सही.