गाड्या बंद पडल्या तर?

"पाळणाघर घराजवळचं बरं की ऑफिसजवळचं?" बाळंतपणाची रजा संपत आली की बिल्डिंगमधल्या नव्या आया मला हे हमखास विचारतात. तुम्हालाही सांगते: मी घराजवळचं घेतलं. ऑफिसात ५० किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय हवी, असा नियम २०१७ च्या कायदादुरुस्तीत आला. आईला दिवसातून चारदा बाळाकडे जायची मुभाही आहे. पण सकाळी डोंबिवलीहून परळला जाणाऱ्या लोकलमध्ये सहा महिन्यांचं बाळ घेऊन चढणार कसं?

अंतर हा माझा पहिला प्रश्न नव्हताच, खरं तर. मी चार ठिकाणी गेले आणि सगळीकडे आधी विचारलं, "गाड्या बंद पडल्या तर?"

२६ जुलै २००५ ला मी दहा वर्षांची होते, भाऊ तीन. शाळा सुटली की मीही त्याच्याच पाळणाघरात थांबायचे. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की सात वाजले, आठ वाजले, दिवे गेले, फोन लागेना आणि कुणाचेच आईबाबा आले नाहीत. आम्ही सात मुलं. काकूंनी मेणबत्तीच्या उजेडात पातेलंभर मुगाची खिचडी टाकली. काकांनी घरातल्या सगळ्या गाद्या एका खोलीत आणल्या. सगळ्यात लहान होती तिला काकूंनी रात्रभर खांद्यावरून खाली ठेवलं नाही. आई दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली, बरीचशी वाट रुळांवरून चालत. भाऊ आंघोळ करून, भांग पाडून खेळत होता. त्याला बघून आई उंबऱ्यावरच बसली आणि रडली.

एका चकचकीत ठिकाणी मला उत्तर मिळालं, "साडेसातनंतर तासाचे वेगळे पैसे." त्यांचंही बरोबर आहे, तिथल्या ताईंनाही घरी जायचं असतं. पण रात्री दहाला बाळाजवळ कोण असेल, हे कुणीच सांगेना. कॅमेरे मात्र प्रत्येक खोलीत होते. बाळ रडलं तर ते मला परळला बसून दिसलं असतं, एवढंच.

आणि पाळणाघर बघायला न कळवता जा, चारच्या सुमाराला. मुलं झोपेतून उठतात, दोघं-तिघं एकदम रडतात. तेव्हा खोलीत उचलणारे हात किती आहेत ते मोजा. तान्ह्यांना पाठीवर झोपवतात का, बघा. भरवतानाही थोडा वेळ थांबा, कारण २६ आठवड्यांची रजा संपते आणि वरचं खाणं सुरू होतं, दोन्ही एकाच सुमाराला. मी निवडलं तिथे एक बाळ नाचणीच्या पेजेला तोंड उघडेना. तिथल्या काकूंनी वाटी झाकून ठेवली. "अर्ध्या तासानं परत बघू," म्हणाल्या.

गाड्यांचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मग राहील की इथेच. कपड्यांचा एक जोड आणि दोन दिवसांचं सत्त्व जास्तीचं आणून ठेव. आणि झोपताना त्याला काय लागतं, थोपटणं की गाणं?"

"गाणं," मी म्हटलं.

"कोणतं?"