डेकच्या फळ्यांना स्टेन लावताना

घराच्या मागच्या बाजूच्या लाकडी डेकच्या फळ्या काही वर्षांतच करड्या पडल्या, तेव्हा तो साचलेला मळ असावा असे समजून मी त्या साबणाच्या पाण्याने घासून काढल्या. पण वाळल्यावर त्या पुन्हा तशाच दिसू लागल्या. उन्हातील अतिनील किरणांनी लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन विघटित होते आणि पाऊस ते धुऊन नेतो, त्यामुळे वर उरतो तो निर्जीव तंतूंचा थर, हे मला नंतर वाचून समजले. असा थर तसाच ठेवून वरून स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंगीत लेप, लावला, तर तो त्या सैल तंतूंसकट निघून येतो.

म्हणून सोडियम परकार्बोनेट असलेल्या क्लीनरने आणि कडक केसांच्या ब्रशने, तंतूंच्या दिशेने, पुन्हा घासणे आले. त्यानंतर ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण हातमोजे व चष्मा घालून लावले आणि भरपूर पाण्याने धुतले. काळपट डाग फिके होऊन लाकडाचा मूळ रंग वर आला, हा या सगळ्या कामातला सर्वांत समाधानाचा क्षण होता. दोन कोरडे दिवस जाऊ दिल्यावर ८० नंबरच्या सँडपेपरने फळ्या घासल्या. आणखी बारीक पेपरने त्या गुळगुळीत कराव्यात असा मोह होत होता, परंतु लाकूड फार गुळगुळीत झाले की स्टेन आत मुरत नाही.

मग फळ्यांवर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकून पाहिले. बहुतेक ठिकाणी ते लगेच शोषले गेले. एका कोपऱ्यात मात्र मोत्यासारखे तरंगत राहिले, म्हणजे जुन्या लेपाचा अंश तिथे शिल्लक होता आणि तेवढा भाग पुन्हा घासावा लागला.

मी तेलावर आधारित, अर्धपारदर्शक स्टेन निवडला होता. रंगद्रव्य तळाशी बसते म्हणून तो सतत ढवळत राहिलो, आणि डब्याडब्यांत छटेचा फरक पडू नये म्हणून सगळे डबे एकाच बादलीत एकत्र केले. इतकी खबरदारी घेऊनही पहिल्या दिवशी घाईने भर उन्हात सुरुवात केली आणि स्टेन इतक्या लवकर सुकला की जिथे ब्रशचे हात एकमेकांवर चढले तिथे गडद पट्टे उमटले. दुसऱ्या दिवसापासून सावलीची वेळ धरून, दोन-तीन फळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता पूर्ण करू लागलो, तेव्हा पट्टे येणे थांबले. फळ्यांची कापलेली टोके स्टेन अक्षरशः पितात, म्हणून तिथे दुसरा हात द्यावा लागला.

खरी चूक पायऱ्यांवर झाली. अधिक लावले तर अधिक टिकेल, या समजुतीने मी तिथे जाड थर दिला आणि पंधरा-वीस मिनिटांनी जादा स्टेन पुसून घ्यायचा, तोही पुसला नाही. चार दिवस पायऱ्या चिकट राहिल्या. शेवटी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने वरचा थर काढावा लागला. ही तेलकट कापडे गोळा करून ठेवली तर सुकताना आपोआप तापून पेट घेऊ शकतात, त्यामुळे ती मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवली.

पायऱ्या आजही डेकपेक्षा किंचित गडद दिसतात. कठडा अजून बाकी आहे. त्यासाठी एक बारीक ब्रश आणि पुसायला भरपूर सुती कापड आधीच काढून ठेवले आहे.