जंबिया चालेल, भाषण नको

परवा फोनमधली गॅलरी साफ करायला बसलो आणि 2019 चा एक व्हिडिओ निघाला, आमच्या कॉलेजच्या इंटरनॅशनल कल्चरल डेचा. कॉलेजचं नाव घेत नाही. छत्रपती संभाजीनगरात येमेन, सुदान, अफगाणिस्तानकडची पोरं शिकायला असतात हे इथल्या माणसाला काही नवीन नाही, टपरीवर चहा पिताना शेजारच्या बाकड्यावर अरबी चालू असतं.

व्हिडिओत माझा येमेनी मित्र आणि अजून पाचजण हातात जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर, घेऊन नाचायलेत. जंबिया पुठ्ठ्याचा. खऱ्याची परवानगी मिळेना म्हणून आदल्या रात्री होस्टेलवर मिठाईचे बॉक्स कापून आम्हीच बनवला, फेविकॉल दोन दिवस बोटाचा निघाला नाही. जंबिया हा शब्द आमच्याकडं पण आहे म्हणलं तर त्याला पटेना. मग चाऊस आडनावाचं सांगितलं, की निजामाच्या फौजेत येमेनच्याच हद्रमौतहून अरब आले ते इकडंच राहिले, परभणी-नांदेडला आजही चाऊस घरं आहेत आणि माझ्या वर्गातला चाऊस तर माझ्यापेक्षा बरं मराठी लिहायचा. मित्र हसला, "फिर हम मेहमान कैसे, भाई?"

त्याला नाचाआधी तीन मिनिटं बोलायचं होतं. वहीच्या कागदावर लिहून आणलेलं, ताइझबद्दल, त्याच्या गावाबद्दल. येमेनमधल्या युद्धात ताइझला 2015 पासून वेढा, शहराच्या मधूनच फ्रंटलाइन गेलेली, त्यामुळं ह्या भागातून त्या भागात जायला जी दहा-पंधरा मिनिटं लागायची तिथं डोंगरातून वळसा घालून पाच-सहा तास. म्हणजे इथल्या क्रांती चौकातून सिडकोला जायचं आणि सकाळी निघून दुपारी पोचायचं. त्याची बहीण पलीकडं राहायची. राजधानी सनाचं विमानतळ ऑगस्ट 2016 पासून प्रवासी विमानांना बंद, वडील गेले तेव्हा त्यानं माती व्हिडिओ कॉलवर पाहिली. एवढंच होतं कागदावर, कोणाला शिव्या नव्हत्या, कोणत्या बाजूचं नाव पण नव्हतं.

सरांनी कागद वाचला आणि म्हणले, "आनंदाचा कार्यक्रम हाय बाबा, पाहुणे यायलेत, हे रडगाणं काहून? नाच भारी हाय, तेवढा करा म्हणावं."

निरोप कोण देणार, तर अँकर. अँकर मी. मी पण धड खरं बोललो नाही, "टाइम कम है भाई" म्हणलो. टाइम काय कमी नव्हता, त्या दिवशी नुसते सत्कारच पाऊण तास चालले, शाल-श्रीफळाची थप्पी संपता संपेना. आणि स्टॉलवर येमेनी मंडीचा भात अर्ध्या तासात खलास, फेट्यातले पाहुणे त्याच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढायलेत. त्याचा भात चालतो, नाच चालतो, ड्रेस तर लईच आवडतो. तो घरी का जाऊ शकत नाही हे तेवढं कोणी विचारायचं नाही.

आता कोणी म्हणेल तो कुठं निर्वासित होता, तो तर स्टुडंट. कागदावर स्टुडंटच. आपल्या देशानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, वेगळा कायदाही नाही, मग अशा पोरांना ॲडमिशन आहे तोवर व्हिसा. एम.ए. झालं की पीएच.डी., ती संपत आली की पोटात गोळा. माझा मित्र थिसिस हळू लिहायचा आणि आम्ही त्याला आळशी म्हणायचो.

मला तेव्हा आज्जी आठवायला पाहिजे होती, नाही आठवली. रझाकाराच्या वेळेस ती बारा वर्षांची, धाराशिवकडच्या गावातून रातोरात बैलगाडीनं बार्शीला नेली, तिथं कॅम्पात राहिली. दर 17 सप्टेंबरला झेंड्यापुढं तिला पहिल्या रांगेत खुर्ची. एका वर्षी माईक दिला तर रझाकारांचं सांगून झाल्यावर ती पुढचं बोलायला लागली, की पोलीस ॲक्शननंतर आम्ही परत आलो तर आमच्या शेजारची मुसलमानाची घरं जळालेली, माझी मैत्रीण कुठं गेली कळालंच नाही. लगेच एकजण उठला, "आज्जी दमल्यात आता" म्हणून माईक घेतला. आज्जी घरी येऊन म्हणली, मी कुठं दमले रे. नेहरू सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं हेच बघून लिहिलेला रिपोर्ट सरकारनं कितीतरी वर्षं दाबून ठेवला, तिथं आज्जीच्या माईकचं काय.

मित्र आता इथं नाही, कुठं आहे ते लिहित नाही. भाषणाचा विषय आम्ही परत कधी काढला नाही, मी माफी पण मागितली नाही. जून 2024 मध्ये ताइझचा तो रस्ता उघडला, तेव्हा रात्री दीडला त्याचा मेसेज आला, बहिणीनं आईच्या घरून फोन केला होता म्हणे. खाली एकच ओळ, "पंद्रह मिनट लगे, भाई."